‘हलके घासा. घासू नका.’

पत्र असं आहे:

‘सर, नमस्कार. मी नाशिकला राहते आणि घरून अनुवादाची कामं करते. लादी-ओटा साफ करायचं लिक्विड बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं लेबल मराठीत करायचं होतं. संगमरवरासाठी मूळ सूचना होती, “स्क्रब जेंटली विथ अ सॉफ्ट ब्रश. डू नॉट स्काउर.” मी लिहिलं, “मऊ ब्रशने हलके घासा. घासू नका.” दोन हजार लेबलं छापून झाल्यावर मालकांनी ते वाचलं. फोनवर खूप हसले, पण बिल अजून अडकलंय. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे “घासणे, घासून स्वच्छ करणे” एवढंच आहे. मग या दोन क्रियापदांत फरक काय? त्यासाठी मराठीत शब्द आहे का? आणि चूक माझी की मराठीची?
– घासून थकलेली’

घासून थकलेल्या ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणी बोलता येईल. चूक तुमची. मराठीची नाही, आणि शब्दकोशाची फार तर चार आणे. ती दोन वाक्यं एकदा मोठ्याने वाचली असतीत तर तुम्हालाच हसू आलं असतं. रात्री उशिरा, तिसरं लेबल संपवून चौथं हातात घेताना हे होतं. माझंही झालंय, ते पुढे सांगतो.

आता फरक. बहुतेक जण पहिल्या झटक्यात सांगतील की स्क्रब म्हणजे हलकं घासणं आणि स्काउर म्हणजे जोर लावून घासणं. हे पटण्यासारखं वाटतं, पण चूक आहे. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी ब्रश धरून, घाम निघेपर्यंत मोरी घासली तरी इंग्रजीत ते स्क्रबच. म्हणून तर तुमच्या लेबलावर स्क्रबच्या पुढे ‘जेंटली’ घालावं लागलं. शब्दातच हलकेपणा असता तर ते कशाला घातलं असतं? आणि स्काउर तर हात न लावताही होतं.

हात न लावता कसं, ते पाहायचं असेल तर निघोजला जा. नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. काळ्या बसाल्टमध्ये रांजणासारखे गोल, खोल, आतून गुळगुळीत खड्डे. ते कुणी छिन्नीने कोरलेले नाहीत. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे आणि वाळू अडकली, गरगरत राहिली आणि हजारो वर्षं खडकाला खात राहिली. ही जी क्रिया आहे, कणाने पृष्ठभागाला खाण्याची, तिला इंग्रजी स्काउर म्हणतं. नदीने खडक ‘स्क्रब’ केला असं कुणी म्हणणार नाही, कारण नदीला हात नाहीत.

पूल बांधणाऱ्या कुठल्याही सिव्हिल इंजिनिअरला विचारा, हा शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. पुराचं पाणी पुलाच्या खांबाशी आपटून खाली वळतं आणि पायाभोवतीची वाळू-माती उपसून नेतं. तो ‘स्काउर’. तो किती खोल जाईल याचा अंदाज बांधायला आपल्याकडे अजून जेराल्ड लेसी यांचं सूत्र वापरतात. लेसी हे ब्रिटिश काळात भारतातल्या कालव्यांवर काम करणारे अभियंता. कालव्यांवरचा त्यांचा गाजलेला निबंध १९३० चा. म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली मुलं हा शब्द तीन-चार पिढ्या पाठ करताहेत, आणि घरी मात्र आपण त्याला ‘घासणे’ म्हणून मोकळे होतो.

तर पहिली खूण ही: स्क्रब हाताचं, स्काउर कणाचं. स्क्रब म्हटलं की डोळ्यांपुढे माणूस येतो, त्याचा खांदा, ब्रश, बादलीतलं पाणी, पुढेमागे पुढेमागे. स्काउर म्हटलं की वाळू येते, राख येते, तारेची घासणी येते. म्हणून इंग्रजीत ब्रश असतो तो ‘स्क्रबिंग ब्रश’ आणि पावडर असते ती ‘स्काउरिंग पावडर’. उलट म्हणून पाहा, कानाला खडा लागल्यासारखं होईल.

माझ्या लहानपणी आमच्या मोरीत या दोन्ही गोष्टी शेजारी असायच्या. एका करवंटीत चुलीची राख, तिच्यात खोचलेली नारळाची शेंडी. कोकणातल्या आजोळी तुसाची राख असे. भाताच्या तुसात सिलिका भरपूर, जळून गेल्यावर ती राखेत उरते, आणि वाळूचा मुख्य घटकही सिलिकाच. त्यामुळे ती राख म्हणजे बारीक वाळूची सख्खी बहीण. तिच्याने पितळी पातेलं लख्ख होई, आणि त्याच राखेच्या राखुंडीने आजोबा दात घासत. दातांचं काय झालं ते विचारू नका. पुढे शहरात डब्यातली विम पावडर आली. विम मूळची इंग्लंडच्या लिव्हर ब्रदर्सची, १९०४ सालची. इंग्रजी क्रियापदाच्या हिशेबात करवंटीतली राख आणि डब्यातली विम दोन्ही एकाच जातीच्या: स्काउर करणाऱ्या.

आता संगमरवरावर हे का नको, ते कळलं की तुमचं लेबल आपोआप सुटेल. खनिजांचा कठीणपणा मोजायची एक जुनी पट्टी आहे, फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली बांधलेली. एक ते दहा. टाल्क, म्हणजे ज्याची टाल्कम पावडर होते ते, एकवर, हिरा दहावर. वरच्या आकड्याचा दगड खालच्यावर ओरखडा काढतो, एवढाच नियम. संगमरवर मुख्यतः कॅल्साइटचा, तो तीनवर. वाळूतलं क्वार्ट्‌झ सातवर. तीनवर सात फिरवलं तर काय होणार? डाग जाईल, डागाबरोबर झिलईही जाईल, आणि ओट्यावर कायमचा धुरकट पट्टा राहील. मऊ ब्रशचे केस मात्र कितीही जोर लावा, कॅल्साइटला ओरबाडू शकत नाहीत. म्हणून लेबल म्हणतं, हात चालवा, कण चालवू नका.

हा आकड्यांचा खेळ अमेरिकेतल्या एका कंपनीने फार पूर्वी ओळखला होता. ‘बॉन अमी’ नावाची घासायची वस्तू तिथे १८८६ पासून विकली जाते. तिच्यात क्वार्ट्‌झऐवजी फेल्स्पार हे खनिज वापरलं. फेल्स्पार सहावर, म्हणजे एक पायरी मऊ. डब्यावर कोंबडीचं पिल्लू आणि शेजारी वाक्य, ‘हॅझन्ट स्क्रॅच्ड येट’. नुकतं अंड्यातून आलेलं पिल्लू पहिले काही दिवस जमीन उकरत नाही, आणि आमची पावडरही ओरखडत नाही. स्क्रॅच या एका क्रियापदावर दोन्ही अर्थ तोलले आहेत. याचं मराठी करायला मला कुणी दिलं तर मी आधी दुप्पट पैसे मागेन आणि मग नाही म्हणेन.

इथपर्यंत सगळं नीट बसतंय. पण ‘हाताचं आणि कणाचं’ हे मी पूर्वी एवढ्याच खात्रीने मानत होतो आणि तोंडावर पडलो होतो. तरुणपणी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसचं, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्याचं, माहितीपत्रक मराठीत केलं. त्यात कापडाच्या टप्प्यांमध्ये ‘स्काउरिंग’ होतं. मी बेधडक लिहिलं, ‘कापड खरखरीत पदार्थाने घासले जाते.’ तिथल्या डाईंग मास्तरांनी मला समोर बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, ‘साहेब, आमचं कापड कुणी घासत नाही. घासलं तर फाटेल. आम्ही ते उकळतो.’

खरंच आहे. सुती कापडात कापसाचं नैसर्गिक मेण असतं, पेक्टिन असतं, वर तेलाचे डाग. ते काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही, कापड पाणीच नीट पीत नाही. म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ते उकळून काढतात. त्याला स्काउरिंग. लोकरीतलं मेण धुऊन काढतात, तेही स्काउरिंग. ना वाळू, ना राख, ना ओरखडा. मग माझ्या कणाचं काय झालं?

तेव्हा शब्दाच्या मुळाशी गेलो आणि प्रकाश पडला. स्क्रब हा शब्द इंग्रजीत आला उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरच्या डच-जर्मन बोलींतून, आणि तिथेही तो घासण्याचाच होता. स्काउरची वाट लांबची. तोही डच-जर्मन मार्गानेच आला, पण त्याच्या मागे जुनी फ्रेंच आणि तिच्या मागे लॅटिन. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘कुरारे’ म्हणजे काळजी घेणं, निगा राखणं. ज्यातून ‘क्युअर’ आलं तेच हे. म्हणजे मुळात स्काउर म्हणजे निगुतीने सगळं बाहेर काढणं. घासणं हा त्यातला एक उपाय. उकळणं दुसरा. पाण्याचा लोंढा तिसरा. गुरांच्या डॉक्टरांकडे गेलात तर वासराच्या हगवणीला ते ‘काफ स्काउर’ म्हणतात. तिथे आतडं साफ होतंय, वासराची इच्छा असो नसो.

म्हणून आता मी फरक असा सांगतो: स्क्रब मेहनतीकडे बघतं, स्काउर काय निघालं याच्याकडे बघतं. ‘तासभर स्क्रब केलं, डाग गेला नाही’ हे इंग्रजीत अगदी सहज वाक्य आहे, कष्ट झाले, फळ नाही. ‘तासभर स्काउर केलं, काहीच निघालं नाही’ म्हणता येतं, पण जरा अडखळल्यासारखं वाटतं. स्काउर म्हटल्यावर काहीतरी निघालेलंच असतं. मळ निघाला, मेण निघालं, पुलाखालची वाळू निघाली. आणि निघण्यासारखं काही नसलं तर झिलई निघते. तुमच्या लेबलाला भीती आहे ती याची.

एवढं कळलं की स्क्रबची पुढची भ्रमंतीही समजते. सर्जन ऑपरेशनच्या आधी हात धुतात त्याला ‘स्क्रब’ म्हणतात. पूर्वी ते ब्रशने कोपरापर्यंत घासत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनात ब्रश नकोच असं सांगितलं आहे, कारण त्याने कातडी सोलवटते. ब्रश गेला, नाव राहिलं. थिएटरमधल्या हिरव्या-निळ्या कपड्यांनाही स्क्रबच म्हणतात, आणि आपल्या मुली परदेशात ‘स्क्रब नर्स’ म्हणून नोकऱ्या करतात, त्यांचं काम भांडी घासण्याचं नसतं हे त्यांच्या आत्याबाईंना समजावून सांगावं लागतं. रॉकेटचं उड्डाण ऐनवेळी रद्द झालं तर तेही ‘स्क्रब’. फळ्यावर लिहिलेलं पुसून टाकावं तसं.

आणि एक गंमत. चेहऱ्याला लावायच्या ‘फेस स्क्रब’मध्ये अक्रोडाच्या सालाची नाहीतर जर्दाळूच्या बियांची भरड असते. माझ्या कसोटीला लावलं तर तो अस्सल स्काउर. पण ‘फेस स्काउर’ नावाने कोण विकत घेईल? प्लास्टिकचे बारीक मणी घालून असे स्क्रब निघायचे, ते गटारातून नद्यांत जाऊ लागले म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुऊन काढायच्या प्रसाधनांत ते बंद केले. कण कणच राहिला, फक्त नाव गोड. इंग्रजी माणूस ज्या पृष्ठभागावर प्रेम करतो त्याला स्काउर लावत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आपण दिवाळीच्या पहाटे उटणं लावतो, चोळतो, पण ‘घासतो’ म्हणत नाही, तसंच.

याच्यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मराठीत यासाठी शब्द आहे का? एकास एक नाही. पण म्हणून मराठी गरीब ठरत नाही, तिने वाटण्या वेगळ्या केल्या आहेत. अंगाला तेल चोळायचं, डोळे चोळायचे, जखमेवर मीठसुद्धा चोळायचं: हाताची त्वचा मध्ये लागते तिथे चोळणं. चंदन सहाणेवर उगाळायचं: घासलं जातं तेच हवं असतं, म्हणून उगाळणं. तेच तेच दुःख उगाळणारी माणसंही असतात, त्यांचंही गंध निघत असावं. अक्षर घोटायचं: घासून घासून वळण गुळगुळीत करायचं. दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड खरवडायची, आणि ती खायला भावंडांत भांडणं. इंग्रजीने हे सगळं ‘रब’, ‘ग्राइंड’, ‘स्क्रेप’ अशा चार-दोन शब्दांत बांधून टाकलंय. त्यांनी साधनाकडे बघून शब्द केले, आपण हेतूकडे बघून.

‘घासणे’ हा आपल्याकडचा मात्र सर्वसाधारण, कष्टाळू शब्द. संस्कृतातल्या घर्षणाशी नातं सांगणारा, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सुटाबुटात बसलेल्या ‘घर्षणा’चा मोरीतला भाऊ. भाजीवालीशी घासाघीस करतो तेव्हाही तोच. निवडणुकीत ‘घासून लढत झाली’ म्हणतो तेव्हाही तोच. पुढेमागे, पुढेमागे, निकाल लागेलच असं नाही. म्हणजे बघा, घासणे हा मनाने स्क्रबच्याच जवळचा. तुमचं पहिलं वाक्य म्हणूनच बरोबर आलं.

जुना ‘मांजणे’ हा शब्द काही घरांत अजून आहे. तो मार्जनातून आला, ज्या धातूतून स्वतःचं अंग सतत साफ करणाऱ्या मार्जाराचं, म्हणजे मांजराचं, नाव आलं. स्काउरच्या निगुतीला तो अर्थाने सर्वांत जवळ. पण लेबलावर ‘मांजू नका’ लिहिलंत तर लोक मांजराचं औषध समजतील. तो मोह टाळा. ‘रगडू नका’ हाही सुचेल, तो टाळा, कारण रगडण्यात जोर आहे, कण नाही. ‘खरवडू नका’ त्यातल्या त्यात जवळचा, पण वाचणारा म्हणेल, सुरीने खरवडू नका, बरं, मग तारेची घासणी चालेल.

एक सावधगिरी, पुढच्या कामासाठी. स्काउर नावाचं आणखी एक क्रियापद आहे, परिसर धुंडाळण्याचं. पोलिसांनी सगळा घाट ‘स्काउर’ केला, म्हणजे पिंजून काढला. शब्दकोश त्याची वेगळी नोंद देतात, कारण ते बहुधा स्कँडिनेव्हियातून, धावपळीच्या अर्थाने आलं. त्याचा या घासण्याशी संबंध नाही. मराठीने मात्र त्याच्यासाठी पिंजाऱ्याचा कापूस घेतला, आणि इंग्रजीचं पहिलं स्काउर कापसाच्या गिरणीत जाऊन बसलं. योगायोग आहे, पण मला आवडतो.

मग लेबल कसं करायचं? क्रियापदाला क्रियापद शोधू नका. मराठीत ही मनाई क्रियेची होत नाही, साधनाची होते. माझा मसुदा असा: ‘मऊ ब्रशने हलके घासा. तारेची घासणी, काथ्या किंवा घासायची पावडर वापरू नका, चकाकी जाईल.’ इंग्रजीपेक्षा पाच शब्द जास्त झाले, होऊ देत. मालक जागा नाही म्हणतील. तेव्हा ‘चकाकी जाईल’ काढा, पण घासणीचं नाव काढू नका. ओटा पुसणाऱ्या बाईंनी मोस साहेबांची पट्टी वाचलेली नसते, पण तारेची घासणी त्यांच्या हातात असते. आणि ‘स्काउर’ असं देवनागरीत लिहून सुटका करून घेऊ नका. हेल्मेट, ब्रश, लिक्विड हे शब्द घराघरांत पोचलेत. हा पोचलेला नाही.

बिलाचं बोलायचं तर दोन हजार लेबलांचा छपाईचा खर्च तुमच्या गळ्यात मारणं योग्य नाही. छापायच्या आधी प्रूफ कुणी वाचलं हे विचारा. तुम्हाला प्रूफ पाठवलं असेल आणि तुम्ही ‘ओके’ लिहिलं असेल तर निम्मं सोसा. नसेल पाठवलं तर फक्त दुरुस्ती फुकट करून द्या आणि बाकीचं पूर्ण बिल मागा. पुढच्या वेळी प्रूफ पाहिल्याशिवाय छापू नये अशी एक ओळ कोटेशनमध्ये घालून ठेवा.

जाता जाता एक गोष्ट मालकांना जरूर विचारा. मूळ लेबलावर लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्याबद्दल काही आहे का? संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचा. आंबट पडलं की तो विरघळतो, अजिबात न घासता पांढुरका चट्टा पडतो. आपल्याकडे ओट्यावर लिंबाची फोड फिरवणारे हात घरोघरी आहेत, आणि ते काम ना स्क्रब ना स्काउर, त्यामुळे तुमच्या दोन्ही वाक्यांतून सुटतं. लेबलावर ती ओळ नसेल तर घालायला सांगा. नव्या ओळीचे पैसे वेगळे लावा.